शब्द पेटीत, पाव भट्टीत

रात्रभर धुकं इतकं उतरलं होतं की धुराड्यातून निघालेला धूर वर जायचं सोडून गल्लीतच घुटमळत बसला. समोरच्या घराची खिडकी दिसेना, दिव्याचा खांब दिसेना, पण भाजल्या पिठाचा वास शेवटच्या घरापर्यंत न चुकता पोचला. भट्टीवालीने बाह्या कोपराच्या वर सारल्या, लांब दांड्याचं लाकडी उलथणं भट्टीच्या तोंडात घातलं आणि पहिला पत्रा बाहेर ओढला. पाव असे टरारून फुगले होते की एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. तिने मान मागे टाकली, भात्यासारखी छाती भरली आणि आरोळी ठोकली.

"आलेलुया!"

धुक्याच्या पोटातून उत्तरं यायला लागली. आलो, आले गं, चार ठेव, मला करपलेल्या बाजूचा दे.

हे असं बावीस वर्षं चाललं होतं. गल्लीत घड्याळं होती, पण त्यांच्यावर भरवसा कुणाचा नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा पहिले तीन दिवस तिने पावांचा पार कोळसा केला होता. सासू म्हणाली होती, बरं झालं, आता सरपण विकत आणायला नको. चौथ्या दिवशी पत्रा सोनेरी निघाला आणि तिच्या तोंडून चर्चमधला तो आनंदाचा शब्द असा सुटला की गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी खाली पडली. "हे दुकान आहे की वेदी?" असं सासूने विचारलं खरं, पण दुसऱ्या दिवशी ती ओरडली नाही तर गिऱ्हाइकंच विचारायला लागली, आज पाव बरे नाहीत का? मग आरोळी राहिली, आणि आरोळीचंच नाव झालं. लहानथोर सगळे तिला आलेलुया म्हणत. तिचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत होतं आणि तिथंच सुखात होतं.

तर तो धुक्याचा दिवस म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा मंगळवार. पाव उतरून झाले तेव्हा गायनमंडळाचे मास्तर काखोटीला वाळक्या झावळ्यांचा भारा घेऊन आले. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी हातात धरलेल्या या झावळ्या दरसाल तिच्याच भट्टीत जळत, आणि त्यांची राख दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कपाळावर लागे. राखेसाठी तिने एक वेगळी चाळण ठेवली होती. ती तिने खुंटीवरून काढली. मास्तर नेहमी राख चाळेपर्यंत गुणगुणत उभे राहत. यंदा गप्प होते. थंडीत त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आता बोलणं कुजबुजीपुरतं उरलं होतं. त्या कुजबुजीत ते एवढंच म्हणाले की संध्याकाळी चर्चला ये, सांगायचं आहे.

संध्याकाळी चर्च भरलं. मुलांनी पाटीवर सोनेरी रंगात तो शब्द रंगवून आणला होता. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तो एकदा मनसोक्त गाऊन घेतला, मग पाटी लाकडी पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मास्तरांच्या खिशात गेली. आता ईस्टरच्या पहाटेपर्यंत तो शब्द गायचा नाही, म्हणायचा नाही, चुकून उच्चारायचाही नाही. उच्चारला तर शनिवारी चर्चचे बाक पुसायचे. ईस्टरच्या पहाटे पेटी उघडली की पहिला उच्चार एकाच गळ्यातून यायचा, आणि तीस वर्षं तो गळा मास्तरांचा होता.

यंदा कुणाचा, यावरून गायनमंडळात आठवडाभर जुंपली होती. एरवी सुरांचा मेळ बसत नसे, पण भांडण मात्र चार आवाजांत झकास लागलं होतं. मास्तर पुढे आले. ते काय कुजबुजले ते फादरांनी मोठ्याने सांगितलं. ज्याच्या तोंडून उपवासकाळात एकदाही तो शब्द निघणार नाही, तोच तो पहिला म्हणेल. आजवर ही बंदी चर्चच्या आतपुरती होती, यंदा ती घरीदारीही पाळायची.

मागच्या बाकावरून भट्टीवालीने विचारलं, "मंडळाबाहेरच्यांनाही चालेल?"

माना वळल्या. नवी सून म्हणून ती गायनमंडळात नाव घालायला गेली होती तेव्हा मास्तरांनी तिचा आवाज एकदाच ऐकला होता. आवाज बाजाराला उत्तम आहे, म्हणाले होते, वेदीला जड होईल. ती तेव्हा हसली होती. बावीस वर्षांत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि एक दिवसही विसरली नव्हती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही आठवत असावं. ते म्हणाले, कुणालाही चालेल.

समोरच्या घरातली नर्सबाई फिस्सकन हसली. ती चौदा वर्षं गायनमंडळात मास्तरांच्या मागच्या रांगेत उभी राहत होती, तिचा गळा शिकलेला होता, आणि हा मान आपल्याकडेच चालत येणार हे तिने गृहीतच धरलं होतं. म्हणाली, "तू उद्या पहिल्या पत्र्यालाच बाद, बाई. लिहून ठेव."

भट्टीवालीला त्या रात्री झोप कसली लागते. तिने बोटांवर हिशेब केला. म्हणायला चाळीस दिवस, पण मधले रविवार धरले तर सेहेचाळीस. सेहेचाळीस सकाळी, सेहेचाळीस पहिले पत्रे. नवऱ्याला हलवून विचारलं, जमेल का रे? नवरा मुका नव्हता, पण बोलायला सासूने जागाच ठेवली नव्हती, त्यामुळे त्याची सवय मोडली होती. तो उठला, स्वयंपाकघरातून लाकडी डाव आणून तिच्या उशाशी ठेवला आणि परत झोपला.

राखेच्या बुधवारी खिडक्या-खिडक्यांआड माणसं श्वास रोखून उभी. तिने डाव दातांत धरला आणि पत्रा ओढला. पाव पाहून छाती भरली, आवाज वर आला, डावाला धडकला आणि बाहेर पडलं ते म्हशीच्या रेकण्यासारखं काहीतरी. गल्ली खदखदून हसली. पण ती जिंकली होती. दुपारी तिच्या कपाळावर राखेचा क्रूस काढताना फादरांनी पाहिलं, बाईच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांना लाकडाचे वण होते.

खरी गंमत मात्र इतरांची झाली. शब्द पेटीत ठेवला होता, पण त्या शब्दाची बाई चालतीबोलती गल्लीत होती. दुसऱ्याच दिवशी पोस्टमन दारात आला आणि म्हणाला, "आलेलुया, दोन लांब पाव." मग आपल्याच तोंडावर हात मारून उंबऱ्यावर बसला. तो मंडळातला सगळ्यात उंच आवाज. त्याच आठवड्यात सुतारही बाद झाला, तो सगळ्यात खालचा आवाज. शाळेच्या बाईंनी मुलीला पावाला पाठवताना कुणाकडे जायचं ते सांगितलं आणि त्या गेल्या. दोन आठवड्यांत मंडळातल्या अठराजणांपैकी सात उरले. शनिवारी बाक पुसायला इतके हात जमत की फडकी कमी पडली, आणि मिस्साच्या प्रार्थनेला बसणारी माणसं बाकांवरून घसरायला लागली. शहाणे झाले ते तिला अगं ए, तू गं तू, भट्टीवाली, पाववाली, असं काहीबाही म्हणायला लागले. तिच्या जाऊबाईने तर नुसतं खाकरायचं ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. नेमका डाव दातांतून निसटला आणि पत्रा बाहेर आला. "आले—" एवढं तिच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ इतक्या जोरात चावली की डोळ्यांत पाणी आलं. धडाधड खिडक्या उघडल्या. नर्सबाई नेमकी टोपली घेऊन दारात उभी होती. उपवासकाळात चर्चला येणाऱ्या घरांनी एक वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेल्याचा पाव करून दवाखान्यातल्या रुग्णांना पाठवायचा, असं यंदा ठरलं होतं. ते पाव रोज सकाळी ती कामावर जाताना घेऊन जाई.

"अर्धा शब्द झाला," नर्सबाई म्हणाली. "अर्धा म्हणजे झालाच."

प्रकरण शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर फादरांपुढे गेलं. फादर तरुण होते, विसरभोळे होते, आणि असला प्रश्न त्यांना कुठल्या ग्रंथात सापडणार होता. त्यांनी डोकं खाजवलं. तेवढ्यात सासू काठी टेकत पुढे आली. बावीस वर्षं तिने सुनेच्या आरोळीला नावं ठेवली होती, त्यामुळे लोकांना वाटलं, आता ही सुनेचा निकाल लावणार.

सासू म्हणाली, "पाव आले, म्हणून ती आले म्हणाली. पाहुणे आले तर तुम्ही काय म्हणता? उरलेलं तिच्या पोटात होतं. पोटातल्याचे बाक पुसायला लावणार आहात का?"

फादरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे खांदे हलत होते. घशातून आवाज निघत नसला तरी माणूस हसतोय एवढं कळत होतं. निकाल लागला: आले म्हणजे पाव आले.

आणि डाव गेला फडताळात. दुसऱ्या दिवसापासून ती छाती भरून "आले!" म्हणे आणि कड्याच्या टोकाशी येऊन थांबल्यासारखी गपकन थांबे. गल्ली "आलो" म्हणे. मध्ये जो तुकडा लोंबकळत राही तो सगळ्यांच्या कानांत वाजे, पण उचलायची हिंमत कुणाची नव्हती. एका सकाळी सुतार, बाद झालेलाच असल्यामुळे, समोरून "लुया" म्हणाला. त्याला त्या शनिवारी एकट्याला सगळे बाक मिळाले.

चौथ्या आठवड्यापर्यंत उपवासकाळ अंगात मुरला. एक वेळ जेवून, पोटात कावळे ओरडत असताना, भर पावाच्या वासात उभं राहायचं म्हणजे खायचं काम नव्हतं, आणि तिथं खायचंच तर नव्हतं. पण भुकेने तिला एक नवल दाखवलं. न म्हटलेला शब्द तिला दिवसभर सोबत करत होता. पीठ मळताना, खमीर फसफसताना, दवाखान्याच्या टोपलीत पाव मोजून लावताना. बावीस वर्षं ती तो रोज उधळत होती, आणि आता कुठं त्याचं वजन कळत होतं.

शब्द म्हणायचा नाही, पण चाल घोकायला कुणाची बंदी होती? ती नुसत्या आकारावर घोकायची. परातीवर वाकून आऽ करून वर चढायची आणि मध्येच फाटायची. सासू म्हणायची, मांजर कुणी चेंगरलं? एकदा मास्तर पाव घ्यायला आले होते ते दाराबाहेर बराच वेळ थांबले. मग आत येऊन कुजबुजले, "वर चढताना ढकलतेस कशाला? पीठ फुगतं तेव्हा ढकलतेस का त्याला?" एवढं बोलून दोन पाव घेऊन गेले. तिने त्या दिवशी पिठाच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि तो फुगेपर्यंत समोर बसून राहिली. सासूला वाटलं, उपासाने चक्कर आली.

पाचव्या रविवारी फादर गेले. दवाखान्याच्या पावांबद्दल आभार मानताना त्यांनी भर वेदीवरून म्हटलं, आपल्या आलेलुयाबाईंनी फार कष्ट घेतले. चर्चमध्ये असा हुंकार उठला की झोपलेली बाळं जागी झाली. शनिवारी फादर झगा खोचून बाक पुसत होते आणि पोस्टमन त्यांना कोपरे दाखवत होता.

झावळ्यांच्या रविवारी दोघीच उरल्या. भट्टीवाली आणि नर्सबाई. दोघींत भांडण असं नव्हतं, पण टोपली देताना-घेताना नजरा एकमेकींच्या ओठांवर असत. नर्सबाई मुद्दाम गोड हसून विचारी, आज पाव कसे झालेत गं? ती म्हणे, आले. बस.

पवित्र शुक्रवारी घंटा वाजली नाही. वेदी उघडी, दिवे विझलेले. सगळे गुडघ्यांवर. त्या शांततेत ती शब्द विसरली, मान विसरली.

शनिवारी सकाळी मात्र भट्टी दुपटीने पेटली होती. दुसऱ्या दिवशीच्या पावांचं काम होतं, दवाखान्याचं होतं, आणि अंगात कसला वारा शिरला होता कोण जाणे, तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एक दिवस राहिला होता. फक्त एक. ती गर्रकन वळली, उलथण्याचा दांडा खांबाला अडला, तोल गेला आणि तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या तापलेल्या लोखंडी झडपेवर पडला.

"आलेलुया! हात पाण्यात घाल!"

टोपली फेकून नर्सबाई आत आली होती. तिने भट्टीवालीला दंडाला धरून ओढत पाण्याच्या पिंपापाशी नेलं आणि हात बुडवून घट्ट धरून ठेवला. दोघीही धापा टाकत होत्या. पाव जमिनीवर गडगडत गेले, एक सासूच्या काठीला टेकून थांबला. नवरा पिठात रुतलेल्या हातांनी तसाच उभा. आणि मग नर्सबाईचा चेहरा हळूहळू उतरला.

"गेलं माझं," ती म्हणाली. हात मात्र सोडला नाही.

भट्टीवालीच्या हाताची आग होत होती, आणि खरं सांगायचं तर आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जिंकली होती ती. जड आवाजाची, बाजारातली, बाहेरची. नर्सबाई पाण्यात बघत म्हणाली की तिचं ती स्वतःच मास्तरांना सांगेल, लपवायची नाही. असं म्हणताना तिने भाजल्या जागेवर चिकटलेलं पीठ इतक्या अलगद सोडवलं की कळलंही नाही.

भट्टीवाली म्हणाली, "तू शब्द म्हटलाच नाहीस. मला हाक मारलीस."

सासूने काठी आपटली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालीस, म्हणाली, तोंड शिव. सून कधी ऐकते? हाताला पट्टी बांधून झाल्यावर दोघी तशाच मास्तरांकडे गेल्या. मास्तर स्वरांचे कागद चाळत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. एक बाई सांगत होती आपण बाद झालो, दुसरी सांगत होती ही बाद नाही. असली भांडणं त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"हाकेला माफी द्यायची," ते कुजबुजले, "तर पोस्टमनही माफ. सुतार माफ. फादर माफ. सगळे तुलाच हाक मारून बाद झालेत. मग तुझं काय राहिलं?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. सेहेचाळीस सकाळी डोळ्यांपुढून गेल्या. डाव, वण, चावलेली जीभ. तिने पट्टीच्या हाताकडे पाहिलं.

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी धावून आली म्हणून हिला खाली बसवून मी उभी राहिले, तर तो शब्द कोरड्या पावासारखा घशात अडकेल माझ्या."

मास्तरांनी कागद खाली ठेवले. निकाल काही दिला नाही. पहाटे या म्हणाले, दोघी, पुढे उभ्या राहा.

पहाटे चर्चच्या अंगणात शेकोटी पेटली, तिच्यावर मोठी मेणबत्ती पेटली, आणि एका ज्योतीवरून दुसरी असं करत अंधारातून चेहरे उगवत गेले. सगळे आत गेले. वाचनं झाली. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, दोनदा अडलं, मग उघडलं. पाटी वर आली. मास्तर तीस वर्षांच्या सवयीने पुढे झाले, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. मग ते वळले आणि भट्टीवालीच्या अगदी कानाशी येऊन म्हणाले, "तीनदा म्हणायचं असतं. पहिला खालून. खालच्याला जड आवाजच लागतो. मला तेव्हा कळलं नव्हतं." दुसऱ्यासाठी त्यांनी नर्सबाईकडे बोट केलं. तिसऱ्यासाठी हात पसरून सगळ्या अठराजणांकडे, आणि फादरांकडेही.

तिने छाती भरली. चाल तोंडपाठ होती. पण सेहेचाळीस दिवस पोटात राहिलेला शब्द तो, त्याला कुठली चाल? तो आला तो थेट भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा आला.

"आलेलुया!"

छपरावरची कबुतरं उडाली. आणि मागचे दहा बाक, पोटात भूक, डोळ्यांत झोप, कानांना बावीस वर्षांची सवय, एका आवाजात ओरडले, "आलो!"

मग फादरांच्या हातातली मेणबत्ती हसण्याने थरथरायला लागली आणि हसू बाकाबाकांवरून मागे पसरत गेलं. भट्टीवाली लाजेने पार लाल झाली. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते आणि मान हलवत होते, हो, हो, अशी. हसण्याच्या त्या लाटेवरूनच नर्सबाईने दुसरा उचलला, स्वच्छ, एक पायरी वर. आणि तिसरा सगळ्यांनी मिळून, इतका वर, की सुताराचा खालचा आवाजही त्या दिवशी चुकून वर गेला आणि परत यायला तयार होईना. घंटा सुटल्या.

ती घरी आली तेव्हा उजाडलं होतं. नवऱ्याने एकट्याने दोन पत्रे उतरवले होते आणि गल्लीतली माणसं चर्चमधून सरळ दुकानापुढे येऊन उभी होती. सासू गल्ल्यावर बसून पाव कागदात गुंडाळत होती. तिने सुनेच्या पट्टीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"इथपर्यंत ऐकू आलं," सासू म्हणाली. "आता पत्रे घास. दुसरा घाणा थांबलाय."

भट्टीवालीने डावी बाही वर सारली, खालचा पत्रा मांडीवर घेतला आणि कोपऱ्यात चिकटलेली करपट खरवडायला बसली.